गोजराबाईचा गुर्दा

गोजराबाईने धाकट्या भावाला आपला एक गुर्दा दिला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, पण दिलेल्या वस्तूवरची नजर काही तिने काढली नव्हती. महिना उलटला की ती शेवगावहून एसटीत बसायची, नगरला गाडी बदलायची आणि संगमनेरकडच्या साखर कारखान्याच्या चाळीत कानिफच्या दारात येऊन उभी राहायची. पाऊल आत पडायच्या आधी, शेजारच्या बाया धुणं पिळता पिळता ऐकत असताना, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"कानिफ, लघवी कशी व्हतीया?"

कानिफ कारखान्यात फिटर. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, हाताखाली माणसं असलेला गडी. पण बहिणीपुढे त्याची पार शेळी व्हायची. मान खाली घालून तो म्हणायचा, "चांगली व्हतीया, आक्का." मग ती आत येऊन पाणी प्यायची.

दुष्काळाच्या साली, सगळा जिल्हा खडी फोडायला रस्त्यावर उतरला होता तेव्हा, कानिफचे दोन्ही गुर्दे निकामी झाले. अंगावर सूज, अन्नावर वासना नाही. मद्रासकडच्या एका मोठ्या दवाखान्यात जित्या माणसाचा गुर्दा काढून दुसऱ्याला लावतात असं कळलं. तोवर गुर्दा हा शब्द घरात मटण शिजेल तेव्हाच ऐकलेला. आईचं रक्त जुळलं नाही. थोरल्या भावाचं रक्त जुळलं, पण काळीज जुळलं नाही. त्याला नेमकी त्याच आठवड्यात कांद्याची लागण आठवली. गोजराबाईचं दोन्ही जुळलं. नवऱ्याला, रंभाजीला, तिने विचारलं नाही, सांगितलं. रंभाजी शहाणा माणूस. त्याने मद्रासच्या गाडीत खायला दशम्या बांधून दिल्या.

तिकडच्या डॉक्टरांनी निघताना कानिफला चार गोष्टी सांगितल्या होत्या. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, गर्दीत जायचं नाही, उघड्यावरचं पाणी प्यायचं नाही आणि अंगावर काही वेगळं दिसलं तर घरी औषधपाणी न करता मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. गोजराबाईने घरी पोचेपर्यंत त्या चाराच्या चाळीस केल्या. सायकलवर डबलसीट न्यायचं नाही. उसाचा रस बंद. उकिडवं बसायचं नाही, गुर्दा दबतो. मढीच्या यात्रेचं तर नावही काढायचं नाही. खरं तर कानिफ मढीच्या कानिफनाथाला नवस बोलून झालेला. जन्मल्यापासून त्याची एकही यात्रा चुकली नव्हती, पण आक्कापुढे देवाचंही काही चाललं नाही.

"माझा गुर्दा हाय तो," ती म्हणायची. "तुझा असता तर म्या काय बोलले नसते."

यात तिचा दोष फार नव्हता, दुकानाचा होता. रंभाजीचं शेवगावच्या पेठेत भांड्यांचं दुकान. लग्नसराईत दिवसभर छन्नी-हातोडी टिकटिक वाजायची, रंभाजी नावं घालायचा आणि गोजराबाई गल्ल्यावर बसून कुणाच्या हंड्यावर काय घालायचं ते सांगायची. वस्तू कुणाची, गेली कुठे, परत कधी येणार, याचा हिशेब तिच्या रक्तात भिनला होता. तिच्याकडून पातेलं उसनं नेलेली बाई ते घासूनपुसून परत देईपर्यंत सुखाने झोपली असेल असं वाटत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात ती अशीच चाळीत आली. ऊन रणरणत होतं, पत्रा तापला होता आणि कानिफ पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटाची बटणंसुद्धा लावून बसलेला.

"उकडत न्हाई का रं?"

"नवीन फ्याशन हाय, आक्का," कानिफ म्हणाला.

भागिरथी, म्हणजे त्याची बायको, चुलीपाशी तोंडाला पदर लावून गप्प बसली होती. तिने फळीवरचा डबा मागितला म्हणून कानिफने उजवा हात वर केला आणि त्याचा चेहरा जरासा वाकडा झाला. जराच, पण गोजराबाईच्या नजरेतून पातेल्याचा पोचा सुटत नसे, हा तर भाऊ होता. ती उठली, सदऱ्यावरूनच त्याच्या काखेत हात घातला आणि तिच्या बोटांना गाठ लागली. सुपारीएवढी. तिच्या शेजारी आणखी एक, बारकी.

तिथल्या तिथे ती खाली बसली.

चाळ म्हणजे चाळ. तासाभरात प्रत्येकीने निदान केलं. शेजारच्या कडूबाईच्या मते ती काखमांजरी होती, बिब्बा तापवून लावला की सकाळपर्यंत बसते. दुसरी म्हणाली, नजर लागलीय, मद्रासकडच्या गोऱ्या डॉक्टरांची. नाक्यावरच्या डॉक्टरांनी दोन बोटं लावली न लावली, तोच टीबी ठरवला आणि उद्यापासून रोज एक इंजेक्शन म्हणाले. त्यांच्याकडे गाठ घेऊन गेलेला माणूस टीबीशिवाय परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"उद्यापासून काय बी न्हाई," गोजराबाई म्हणाली. "उद्या आमी नगरला जानार."

बिब्बाही नाही, इंजेक्शनही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत तिने भावाला खिडकीशी बसवलं आणि त्याच्या बाजूला स्वतः बसली, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको. कंडक्टरलाही तिने हात लांब करून तिकीट द्यायला लावलं.

डॉक्टर भिंगारदिवेबाई म्हणजे ठेंगणी, चष्म्याची, बोलताना पेन्सिल कानावर ठेवायची सवय असलेली बाई. नगरला परत आल्यापासून कानिफचं रक्त आणि लघवी त्याच तपासायच्या. गोजराबाईला त्या कानिफचं ऐकून आक्काच म्हणत. आक्काला मात्र त्यांनी पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसवलं. कानिफला पलीकडे घेऊन सदरा काढायला लावला. मान, दोन्ही काखा, जांघा, पोट, घसा, एक जागा सोडली नाही.

"ताप?"

"न्हाई."

"रात्री घाम येऊन अंथरूण भिजतं? खोकला? वजन उतरलं?"

"न्हाई, उलट वाढलंया," पडद्याबाहेरून गोजराबाईने उत्तर दिलं.

"आक्का, रुग्ण आत आहे," बाई म्हणाल्या. "बरं, या हाताला मधे काही लागलं होतं? कापलं, काटा मोडला, काही चावलं, सुई टोचली?"

कानिफ काही बोलायच्या आत पडद्याबाहेरून आवाज गेला, "लागंल कसं? माझ्या इचाराबिगर त्यो उंबरा वलांडत न्हाई. त्याला म्या फुलावानी जपलाय."

आत कानिफने एकदा पडद्याकडे बघितलं. मग कानिफ म्हणाला, "न्हाई बाई. काय न्हाई लागलं."

छातीचा फोटो काढला, रक्त काढलं. फोटो स्वच्छ आला. इतक्यावर आपलं समाधान होईल असं गोजराबाईला वाटलं होतं, पण भिंगारदिवेबाईंचा चेहरा काही सैल होईना. त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"असं बघा. परका गुर्दा अंगात आला की अंगातले राखणदार त्याला चोर समजून हुसकायला बघतात. म्हणून गोळ्या देऊन आपण राखणदारांना पेंगत ठेवलंय. गुर्दा टिकला, पण खरा चोर आला तरी हे पेंगतच राहणार. काखेतली गाठ म्हणजे त्यांची चौकी. हातातून जे काही आत शिरेल, ते तिथं अडवतात. चौकी सुजलीय, म्हणजे आत कुणीतरी आहे. कोण आहे, ते बाहेरून हात लावून कळत नाही."

"नाक्यावरलं डाक्टर टीबी म्हनत्यात."

"असेलही. आपल्याकडे पुष्कळ असतो. साधा पूही असू शकतो, या गोळ्यांमुळे तापसुद्धा येत नाही." बाईंनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "आणि या गोळ्या घेणाऱ्या माणसांत कधी कधी गाठींचाच कॅन्सर होतो, असं परदेशातले डॉक्टर लिहायला लागलेत. तो निघाला तर गोळ्या कमी कराव्या लागतील, कदाचित बंदच."

"आन गोळ्या बंद केल्या तर?"

"राखणदार जागे होतील."

गोजराबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. तिचा गुर्दा, तिच्या कुशीला वीतभर शिवण देऊन काढलेला, कुजक्या बटाट्यासारखा फेकला जाणार आणि पाठोपाठ कानिफही. आजवर ती गुर्द्यासाठी भावाला जपत होती की भावासाठी गुर्द्याला, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या तिला कळलं की तिच्या डोळ्यापुढे गुर्दा नाहीच. मढीच्या यात्रेत तिच्या कडेवर बसून रेवड्या खाणारं शेंबडं पोर आहे. तिला रडू फुटलं. तिने ते पदरात शिंकल्यासारखं करून लपवलं.

भिंगारदिवेबाईंनी मद्रासकडे ट्रंक कॉल लावला. अर्धा दिवस गेला, लागला तेव्हा त्या ओरडून ओरडून इंग्रजीत बोलल्या. तिकडून एकच सांगणं आलं. अंदाजाने औषध देऊ नका, गोळ्यांना हात लावू नका, मोठी गाठ अख्खी काढा आणि बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानिफला टेबलावर घेतलं. जागा बधिर करून करायचं काम, फार मोठं नव्हे. गोजराबाई बाहेर बाकावर बसली. तिने कानिफनाथाला मनातल्या मनात सांगितलं, की बाबा, यात्रा चुकवायला मीच लावली, राग काढायचा तर माझ्यावर काढ, मला अजून एक गुर्दा हाय. मग हे सांगण्यात काही चूक तर झाली नाही ना, म्हणून ती धास्तावली.

दार उघडलं. भिंगारदिवेबाई हातात पांढरी वाटी घेऊन उभ्या होत्या. वाटीत गाठ होती, मधोमध कापलेली.

गाठ काळी होती. आतून बाहेरून, तव्याच्या बुडासारखी काळी.

"ह्ये असं असतंय?" गोजराबाईने विचारलं.

"नसतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "असा काळा रंग एका वाईट रोगात असतो. कातडीवरच्या तिळातून सुरू होतो. पण त्याच्या अंगावर तसा तीळ नाही. मी काल सगळं अंग बघितलंय." त्या वाटीकडे बघत राहिल्या. "थांबा. परत बघते."

त्या आत गेल्या. गोजराबाई बाकाला धरून उभी राहिली. आतून काही भांड्यांचा आवाज, मग काहीच नाही. मग बाईंची हाक आली.

"आक्का, जरा आत या. तुमच्यात गोजरा कोण? याच्या बायकोचं नाव का?"

"बायकू भागिरथी. गोजरा म्या."

"तुम्ही तर आक्का ना?"

"त्याची आक्का. नाव गोजरा. का वं बाई?"

भिंगारदिवेबाईंनी कानिफच्या अंगावरची चादर सरकवून उजवा दंड वर केला. दंडाच्या आतल्या अंगाला, काखेपासून चार बोटांवर, निळ्याकाळ्या ठसठशीत अक्षरांत गोंदलं होतं: गोजरा. खाली एक वेलबुट्टी आणि दोन्ही बाजूंना एकेक फूल. बाईंनी गोजराबाईचं मनगट धरून त्या दंडाशेजारी ठेवलं. तिच्या मनगटावरची तुळस लहानपणी गोंदलेली, आता हिरवट, विटलेली. भावाच्या दंडावरची अक्षरं दऊत सांडावी तशी ताजी होती आणि एका फुलावरची खपलीसुद्धा अजून पुरती पडली नव्हती.

"कालच वाचलं होतं मी हे," बाई म्हणाल्या. "वाटलं, बायकोचं नाव, लग्नातलं असेल. नगर जिल्ह्यात गोंदणाकडं बघत बसायचं तर पेशंट कधी बघायचा? खपली मात्र मी बघायला हवी होती. कानिफ, कधी काढलं?"

कानिफ टेबलावर पडून छताकडे बघत होता. "रंगपंचमीला."

"कुठं?" हा प्रश्न गोजराबाईचा.

"मढीला."

रंगपंचमीला तो तिच्याकडे शेवगावला आलेला. तिसगावला दोस्ताचे बैल बघून येतो म्हणून सकाळी गेला तो संध्याकाळी गुलाल झटकत आला होता आणि म्हणाला होता, बैल काही पसंत पडले नाहीत. गोजराबाईला सगळं लख्ख आठवलं.

"मी काल तुम्हाला सुईचं विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"ती काय सुई हुती व्हय बाई? गोंदन हाय ते. दागिना." मग तो हळूच पुटपुटला, "आन आक्का पडद्यामागं हुती."

भिंगारदिवेबाई खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी सांगितलं, ते असं. गोंदताना सगळीच शाई कातडीत राहत नाही. थोडी आत झिरपते आणि पहिल्या चौकीवर अडकते. चौकी फुगते, काळी पडते. धडधाकट माणसातही होतं, कुणी कापून बघत नाही म्हणून कळत नाही. "माझी खात्री आहे म्हणा ना. पण माझ्या खात्रीला किंमत नाही. अर्धी गाठ पुण्याला जाईल, अर्धी टीबीच्या तपासणीला. पुण्याहून उत्तर येईपर्यंत पेढे वाटायचे नाहीत. आणि कानिफ, त्या सुईने तुमच्या आधी किती जणांना गोंदलं असेल? शाईऐवजी कावीळ आली असती तर आज मी हसत नसते."

पुढचा आठवडा दोघं नगरलाच दवाखान्यात राहिली, पण गोजराबाई भावाशी एक शब्द बोलली नाही. गोळ्या हातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची आणि तोंड फिरवायची. कानिफने इतकं सुख जन्मात भोगलं नव्हतं, तरी त्याला घास गोड लागेना.

पुण्याचं उत्तर आलं. शाई. क्षय दिसत नाही, कॅन्सर नाही. टीबीची तपासणी पुढे बरेच दिवस चालली आणि तीही कोरी निघाली. गोळ्या होत्या तशाच चालू राहिल्या. पुण्याचं उत्तर वाचून भिंगारदिवेबाईंनी त्याच दिवशी पेढा मागून खाल्ला.

त्याच दिवशी निघताना नगरच्या स्टँडवर दोघं बाकावर बसली. त्याची गाडी संगमनेरची, तिची शेवगावची. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाचे घुंगरू वाजत होते.

"आक्का, शिव्या दे, पन बोल," कानिफ म्हणाला.

"नाव कशापायी घातलं?"

कानिफ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. "तू दर खेपंला येतीस, लघवीचं इचारतीस, वर म्हनतीस, माझा गुर्दा हाय तो. खरंच हाय ना ते. वस्तू तुझी, म्या आपला वापरतोय. मढीत ती गोंदायची मशीन बघितली, आन दाजी भांड्यावर नाव घालत्यात ते आठवलं. म्हनलं, उसन्या भांड्यावर मालकाचं नाव असल्यालं बरं. उद्या काय बरंवाईट झालं तर लोकांना कळंल, कुनाचं हुतं."

गोजराबाईला लाज वाटली, अगदी भर स्टँडवर मान खाली जाईल इतकी. दीड वर्ष हा गडी आपलंच पोट उसनं घेऊन हिंडत होता, आणि दर महिन्याला दारात उभी राहून मागायला येणारी दुसरी कुणी नव्हती, ती स्वतःच होती.

"दुकानात एवढा बसलास, डोळं कुठं हुतं?" ती म्हणाली, आणि आवाज नीट निघावा म्हणून जरा रागानेच म्हणाली. "उसन्या भांड्यावर मालकाचं नाव असतंय. आन आहेराच्या भांड्यावर?"

"देनाऱ्याचं."

"मंग? आहेर दिल्यालं भांडं कुनी माघारी मागतंय का? दंडावरलं नाव आहेराचं हाय. ध्यानात ठेव. आन म्हशीच्या पाठीवरच मावंल एवढं नाव काढलंस, बारीक काढता आलं न्हाई?"

शेवगावची गाडी लागली. ती चढली, खिडकीत बसली आणि मग तिने हात बाहेर काढून भावाला रसाच्या गुऱ्हाळाकडे बोट दाखवलं. कानिफला खरं वाटेना. त्याने एकदा गुऱ्हाळाकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं.

"बरफ घालू नगं म्हनाव," ती म्हणाली. गाडी हलली.

महिना उलटला. गोजराबाई चाळीच्या दारात येऊन उभी राहिली. धुणं पिळणाऱ्या बायांनी पिळे थांबवले. कानिफ बिनबाह्यांच्या बनियनवर, उजवा हात डोक्यामागे घेऊन बसला होता, दंडावरची फुलं उन्हात चमकत होती.

"कानिफ," गोजराबाई म्हणाली, "कसा हायेस रं?"

या प्रश्नाची त्याला सवय नव्हती. तो उभा राहिला, डोळे पुसले आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "चांगली व्हतीया, आक्का."